मोडीत काढण्याआधी

नाशिकच्या भांडी बाजारात जुनं तांब्याचं घंगाळ घेऊन गेलात, तर दुकानदार ते आधी उलटंसुलटं करून बघतो आणि मग काट्यावर ठेवतो. दोन्ही बाजूंच्या कड्या, बुडाजवळचे हातोडीचे ठोके, काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं आजीचं नाव, यांपैकी कशाचेही पैसे मिळत नाहीत. मोडीचा भाव किलोवर ठरतो, त्यातून वर घटही वजा होते. हेच घंगाळ आजीने घेतलं तेव्हा मात्र तिने धातूच्या किमतीखेरीज घडणावळ मोजली होती. तांबटाने पत्रा तापवला, ठोकला, गोल केला, काठ वळवला, त्या सगळ्या श्रमांचे ते पैसे. मोडीत देताना आपण नेमकी ही घडणावळ फुकट सोडून देतो.

कमी पैशांत घर आणि बाग सजवण्याचा सगळा हिशेब इथे आहे. जुन्या वस्तूत दोन गोष्टी असतात, पदार्थ आणि घडण. पदार्थ भंगारवाला विकत घेतो. घडणीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती आपल्याला फुकट वापरता येते. पण वस्तूचं नवं काम जुन्या कामाच्या जवळचं असेल, तरच. पाणी धरण्यासाठी घडलेल्या भांड्याला पाणी धरू द्यावं, भार पेलणाऱ्या लाकडाला भार पेलू द्यावा, हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीला जाळीच राहू द्यावं. एकदा का सायकलच्या चाकाचं घड्याळ आणि घड्याळाची फुलदाणी करायला निघालात, की घडण वाया जाते. मग रंग, गोंद, कटरचं पातं, खिळे आणि दोन रविवार खर्ची पडतात. शेवटी जी वस्तू तयार होते ती बाजारातल्या नव्या वस्तूपेक्षा महाग आणि बहुधा कुरूप असते. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये हा खर्च कधी दिसत नाही.

तांब्यापितळेपासूनच सुरुवात करू, कारण नाशिकची ती जुनी ओळख आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्यापितळेच्या भांड्यांची दखल घेतलेली आहे. जुन्या नाशिकातल्या घरांच्या माळ्यांवर अजूनही बंब, घंगाळं, हंडे, पराती आणि तपेली धूळ खात असतात. गॅस-गीझर आला आणि बंब गेला, स्टील आलं आणि कल्हईवाला गेला.

हाताने घडवलेल्या तांब्याला एक गुण असतो. मऊ तांबं हातोडीने सारखं मठारलं की आतल्या स्फटिकांची रचना दबून घट्ट होते आणि पत्रा कडक बनतो. म्हणून जुन्या मठारलेल्या हंड्याला सहज पोचा येत नाही. आज मिळणाऱ्या पातळ सजावटी हंड्याला मात्र मोलकरणीच्या बादलीचा धक्काही पुरतो. माळ्यावरची वस्तू आणि सजावटीच्या दुकानातली वस्तू यांत निवड करायची असेल, तर ठोके बघा. ते हाताने पडले असतील तर एकसारखे नसतात.

बंबाचं काय करायचं? त्याच्या मधून एक नळकांडं गेलेलं असतं. खालच्या जाळीवर निखारे, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. बहुतेक जण त्याचा दिवा करतात. नळकांड्यात एलईडी बल्ब सोडला की उजेड वरच्या तोंडातून आणि खालच्या जाळीतून पडतो. त्यात काही तोडफोड नाही, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण बंबाची खरी घडण तोटीत आहे. गच्चीच्या कोपऱ्यात दोन विटांवर बंब ठेवावा, तोटीला नवा वॉशर घालावा आणि बागेतले मातीचे हात धुवायला तो वापरावा. पन्नास वर्षांपूर्वी तो जे करत होता तेच तो करत राहतो, फक्त गार पाण्याने. खर्च एका वॉशरचा.

घंगाळात पाणी आणि वर गुलाबाच्या पाकळ्या हे आता लग्नाच्या हॉलमध्येही दिसतं. मोगलांनी या शहराचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं, तेव्हा नाशिककरांनी ते करायला हरकत नाही. मात्र पाण्यात मासे सोडू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून लोक मोठ्या हौसेने गप्पी मासे सोडतात. तांब्याच्या भांड्यात थोडं तांबं पाण्यात उतरतच राहतं. माणसाला जेवढं चालतं तेवढं माशांना आणि गोगलगायींना चालत नाही. झाडाचंही तसंच. तांब्याच्या हंड्यात थेट माती भरून रोप लावलं, तर मुळं भिंतीपाशी पोचून खुंटतात. मोठ्या रोपवाटिकांत कुंड्यांना आतून तांब्याच्या संयुगाचा लेप देऊन मुळांची गुंडाळी मुद्दाम थांबवतात, तेच इथे आपोआप घडतं. उपाय सोपा आहे. रोपवाटिकेतून आलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी तशीच हंड्यात बसवायची. हंड्याला भोक पाडावं लागत नाही, त्यामुळे उद्या गरज पडली तर त्याची मोडीची किंमतही शाबूत राहते.

घासण्याबद्दल थोडं. चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी यांनी काळपटपणा जातो, कारण आम्ल धातूवरचं ऑक्साइड विरघळवतं. पितळेवर चिंचेचा कोळ लावून विसरलात, तर मिश्रधातूतलं जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं आणि गुलाबी डाग पडतात. ते मग सहजी जात नाहीत. जी वस्तू बाहेर, पावसापाण्यात राहणार आहे ती घासूच नये. तिच्यावर चढणारी तपकिरी आणि मग हिरवट पुटं धातूचं रक्षणच करतात. आणि शोभेच्या भांड्याला कल्हई लावण्यात अर्थ नाही. कल्हई आंबट पदार्थासाठी असते, मनीप्लँटसाठी नसते.

आता सर्वांत स्वस्त कुंडीकडे येऊ, म्हणजे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याकडे. आपल्याकडे चाळींच्या कठड्यांवर तुळस याच डब्यात वाढलेली आहे. त्याचं तंत्र तीन वाक्यांत सांगता येतं, पण ती तीन वाक्यं कोणी सांगत नाही, म्हणून डबा दीड वर्षात बुडातून जातो. पहिलं, भोकं आतून बाहेर पाडायची. बाहेरून खिळा मारला तर भोकाची कड आत उचलली जाते, तिच्यामागे पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरं, डबा जमिनीवर टेकवायचा नाही, फरशीचे दोन तुकडे खाली घालायचे. तिसरं, डब्याच्या पत्र्यावर कथलाचा पातळ थर असतो, पण कापलेल्या कडेवर तो नसतो. म्हणून रेड ऑक्साइडचा हात आधी कडेला आणि भोकांना द्यायचा, बाकीच्या अंगाला नंतर.

त्या कापलेल्या कडेने हात चिरतो. नाशिकमध्ये त्यावर फुकटचा इलाज आहे. द्राक्षबागेतून काढून टाकलेली ठिबकची १६ मिलिमीटरची नळी घ्यायची, एका बाजूने उभी चिरायची आणि काठावर बसवून द्यायची. नळी उन्हाने जरा कडक झालेली असते, ती इथे उलट चांगली. आतले थेंब सोडणारे ड्रिपर क्षारांनी बुजलेले असल्याने पाण्यासाठी तिचा उपयोग संपलेला असतो, काठाला तो प्रश्न येत नाही.

रंगाचा हिशेब मात्र करावा. एका डब्याच्या चार बाजू मिळून साधारण एक तृतीयांश चौरस मीटर भरतात. एक लिटर एनॅमल एका हाताला साधारण १० चौरस मीटर जातं. म्हणजे लिटरभर रंगात पंधरा डब्यांना दोन-दोन हात होतात. एकाच डब्यासाठी छोटा रंगाचा डबा, प्रायमर, ब्रश आणि ब्रश धुवायला टर्पेंटाइन आणलंत, तर त्या पैशांत रोपवाटिकेतून दोन चांगल्या कुंड्या येतात. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबे गोळा करून एकदम रंगवावेत, नाहीतर डबा बिनरंगाचा ठेवावा. गॅलरीत एक पिवळा, एक निळा, एक जांभळा असे डबे मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण झाडाचा हिरवा रंग त्यात हरवतो. मातीचा किंवा राखाडी, असा एकच रंग सगळ्यांना द्यावा.

पंधरा डबे रंगवून झाले की ते गच्चीत ओळीने मांडण्याचा मोह होतो. तिथे थांबून वजन करावं. असा एक डबा भिजलेल्या काळ्या मातीने भरला तर सहज ३० किलोच्या आसपास जातो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो, इतका भार धरलेला आहे. म्हणजे चौरस मीटरला पाच डबे. एकमेकांना खेटून ठेवले तर तेवढ्या जागेत अठरा डबे मावतात आणि भार साडेतीनपट होतो. म्हणून डबे कठड्याच्या कडेने, तुळईच्या रेषेवर, अंतर राखून ठेवावेत. आणि काळी माती वापरूच नये. ती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकटून मुळांचा श्वास कोंडते.

माती कमी आणि काडीकचरा जास्त, ही वाट महाराष्ट्रात बरीच मळलेली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून घरच्या घरी, थोड्या जागेत अन्न पिकवण्याचा विचार मांडला. नाशिकमध्ये संदीप चव्हाण यांनी ‘गच्चीवरची बाग’ या नावाने काम उभं केलं आणि त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं. पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाचं चिपाड, घरचं खत आणि वर थोडीशी माती अशा भरणाने वजन निम्म्यावर येतं. भरण खाली बसत जातं, तेव्हा वरून पुन्हा टाकायचं. त्यासाठी फुटकी बादली, गळकं पिंप, तुटकं टोपलं, काहीही चालतं, कारण भांड्याचं काम इथे फक्त कचऱ्याला एकत्र धरून ठेवण्याचं आहे.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. नाशिकची हवा थंड ही ख्याती एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर उभं राहून तपासून बघा, पारा चाळिशीला टेकतो. पश्चिमेच्या उन्हात पत्र्याचा डबा इतका तापतो की आतली मुळं भाजतात. यावर बारदान हा जुना उपाय आहे. डब्याला गोणपाट गुंडाळायचं आणि संध्याकाळी झाडाबरोबर त्यालाही पाणी पाजायचं. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्यामुळे आपल्या जिल्ह्यात गोण्यांना तोटा नाही. पण ताग आणि लाल जाळी यांत गल्लत करू नका. कांद्याची लाल जाळीची गोणी प्लॅस्टिकची असते, ती पाणी धरत नाही. ती उसवून दोन बांबूंमध्ये ताणली तर कारल्याच्या, दोडक्याच्या वेलाला उत्तम जाळं होतं. मिरचीच्या रोपांवर टाकली तर चिमण्या कोंब खुडत नाहीत. एकदोन उन्हाळ्यांत ती कुरकुरीत होऊन तुटायला लागते. तेव्हा तुकडे मातीत मिसळण्याआधी काढून टाकावी.

आणि माठ. माझ्या मते या साऱ्या पसाऱ्यात माठासारखी गुणी वस्तू दुसरी नाही. दरवर्षी मार्चमध्ये नवा माठ येतो आणि गेल्या वर्षीचा ‘आता थंड होत नाही’ म्हणून जिन्याखाली जातो. तो थंड का होत नाही? माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वर्षभरात त्या छिद्रांत बसतात आणि झिरपणं मंदावतं. हाच मंदावलेला माठ जमिनीत गळ्यापर्यंत पुरला, पाण्याने भरला आणि तोंडावर झाकणी ठेवली, की भोवतालची माती तहानेल तसं पाणी ओढून घेते आणि भिजली की ओढायची थांबते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चीनमध्ये फान शंगज् याच्या शेतीविषयक ग्रंथात अशा पुरलेल्या मडक्यांचं वर्णन येतं. सुट्टीत आठवडाभर गावाला जाणाऱ्या कुटुंबाला याहून स्वस्त माळी मिळणार नाही. माठ अगदीच बुजला असेल तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून काथ्याने घासावा. छिद्रं बऱ्यापैकी मोकळी होतात. तळाला चीर असलेला माठ यासाठी घेऊ नये. त्याच्या खापऱ्या कराव्यात आणि कुंडीच्या भोकावर पालथ्या घालाव्यात.

घरातल्या दगडाचं एवढं कौतुक करण्यासारखं नाही, कारण तो स्वतःच स्वतःची सोय लावतो. पाटा पायरी होतो, जात्याची खालची तळी बागेत बसायला होते. उखळ मात्र पक्ष्यांसाठी ठेवताना त्यात अर्ध्यापर्यंत गोटे भरावेत. बुलबुल आणि चिमणी यांना चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यात उतरता येत नाही, आणि गुळगुळीत उभ्या भिंतीच्या उखळात पडलेलं पिल्लू वर येऊ शकत नाही.

लाकडाची गोष्ट नाशिकमध्ये हळहळण्याची आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या नाशिकातल्या धोकादायक वाड्यांना आणि काझीच्या गढीवरच्या घरांना नोटिसा देते. दर पावसाळ्यात एखादा वाडा बसतोच. मग सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी, गजांच्या खिडक्या निघतात. हे लाकूड शतकभर वाळलेलं असतं. त्याच्यात आता वळण्या-फुगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून सुतार ते नव्या सागापेक्षा आनंदाने घेतो. सागात मुरलेलं तेल वाळवीला नकोसं असतं. पण भिंतीत गाडलेलं टोक पावसाळ्यांत कुजलेलं असण्याची शक्यता जास्त, म्हणून घेताना दोन्ही टोकांना पेचकस खुपसून बघावा.

इथेही नियम तोच. चौकट उभीच राहू द्यावी. गजांची जुनी खिडकी बागेच्या भिंतीवर टांगून तिच्यावर गोकर्णीचा वेल चढवला तर तिचे गज पहिल्यांदाच चोराऐवजी वेलाला धरतात. दारफळी आडवी करून तिचं टेबल करतात तेही चालतं, फक्त वर काच घालावी, कारण कोरीव कामात अडकलेला भात काढणं हा एक स्वतंत्र छंद आहे. पण खांबाचे तुकडे करून त्यांच्या मेणबत्तीदाण्या करणाऱ्याला मी लाकूडतोड्याच म्हणेन.

जुनं लाकूड घासताना एक धोका लक्षात ठेवावा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांपर्यंत आणणारा नियम भारतात २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा हिरवा, पिवळा, तांबडा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिशाची धूळ घरभर उडते. ती लहान मुलांच्या मेंदूला बाधते. रंग ओला करून वॉटर पेपरने घासावा, तोंडाला मास्क बांधावा, गाळ कागदात गुंडाळून टाकावा. गरोदर बाई आणि मुलं घरात असतील तर घासूच नये, आहे त्या पोपडलेल्या रंगावर पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा. पोपडे शोभेचे दिसतात, हे आता दुकानदारांनीही मान्य केलं आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघणारी पॅलेट्स हे नव्या नाशिकचं लाकूड. परदेशी यंत्रं ज्या फळ्यांवर बसून येतात त्या फळ्यांवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि काही अक्षरं भाजून उमटवलेली असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार कीड मारल्याची ती खूण. अक्षरं ‘एचटी’ असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे. ते निर्धास्त घ्या. ‘एमबी’ असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते घरात, विशेषतः भाजीच्या वाफ्याला, नको. शिक्काच नसेल तर फळी कुठून आली हे विचारावं. तिच्यावर काय सांडलं होतं, हे कारखान्याच्या हमालाला व्यवस्थापकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

निळ्या पिंपांचं आणि कॅनचं हेच. द्राक्षाच्या पट्ट्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा आणि ड्रमांचा सुळसुळाट असतो. ते कितीही स्वस्त मिळोत आणि कितीही वेळा धुतलेले असोत, पाणी साठवायला, भाजी लावायला किंवा पक्ष्यांना दाणे ठेवायला वापरू नयेत. प्लॅस्टिक काही औषधं आत शोषून घेतं आणि मग सावकाश सोडत राहतं. साखरेचा पाक, सरबत किंवा खाद्यतेल आलेलं पिंप मागावं, आणि झाकण उघडून वास घ्यावा. हीच काळजी उपटलेल्या द्राक्षवेलींच्या खोडांची. बाग म्हातारी झाली की शेतकरी ती काढतो, आणि पिळदार, गाठाळ खोडं बांधावर पडतात. मनीप्लँटला आधार म्हणून किंवा नुसतंच भिंतीशी उभं करायला यासारखं शिल्प विकत मिळत नाही. पण आयुष्यभर त्यांनी बोर्डो मिश्रण अंगावर घेतलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. ती खोडं शेकोटीत घालू नयेत आणि माशांच्या टाकीतही सोडू नयेत.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या आयाआज्या सगळं करून बसल्या आहेत. जुन्या सुती साड्यांचे थर घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, उरलेल्या काठांची पिशवी, पिशवीच्या चिंध्यांचं पायपुसणं, आणि त्यातूनही राहिलेलं बोहारणीच्या टोपलीत. बदल्यात एक स्टीलचा डबा. त्या साखळीत आपल्या पिढीने नवं काही घातलेलं नाही, उलट नायलॉन आणि पॉलिएस्टर आणून ती बिघडवली. गोधडीला सूतच हवं, कृत्रिम धाग्याला घाम शोषता येत नाही. मात्र पॉलिएस्टरची साडी उभी फाडून तिच्या पट्ट्या केल्या तर टोमॅटोची झाडं काठीला बांधायला त्या सुतळीपेक्षा चांगल्या, कारण खोडाला काचत नाहीत आणि पावसात कुजत नाहीत.

येवला आपल्या जिल्ह्यात, म्हणून पैठणीबद्दल दोन शब्द. जुन्या पैठणीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. घरोघर फिरणारे जरवाले अशा साड्या विकत घेऊन जाळायचे आणि चांदी काढायचे. म्हणजे पुन्हा तेच, पदार्थाला भाव आणि विणकराच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीला शून्य. साडी धड असेल तर तिला कात्री लावू नये, पोरीबाळी नेसतील. पण वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम घडीवर तुटतं आणि मग पोत जोडता येत नाही. काठ-पदर बहुतेक वेळा शाबूत असतात. त्यांचं दाराचं तोरण करतात, ते उन्हात चार महिन्यांत विटतं. देवघरामागचा पडदा किंवा काचेच्या चौकटीतला मोर ही जागा बरी. चौकट भरताना मागे पिवळट पुठ्ठ्याऐवजी सुती कापड घालावं आणि पदर गोंदाने न चिकटवता टाके घालून बसवावा.

बाटल्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. वाइनचं शहर म्हटल्यावर ७५० मिलिलिटरच्या हिरव्या बाटल्यांचे ढीग ओघाने आलेच. दोरा पेटवून बाटली कापण्याचा खेळ घरात करू नये, काच कुठेही तडकते. अख्खी बाटली पुरेशी देखणी असते. वाफ्याच्या कडेला उलटी, मानेपर्यंत गाडली की झाली किनार. पाण्यातला मनीप्लँट लावायचा तर पांढऱ्यापेक्षा गडद बाटली घ्यावी, आत शेवाळ कमी धरतं.

पाण्याच्या भांड्यांचा खरा प्रश्न डेंग्यूचा आहे, आणि जुन्या वस्तूंच्या बागेवरचा तो सर्वांत रास्त आक्षेप आहे. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डासापर्यंत त्याला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं आरोग्य विभाग सांगतो. पण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून भागत नाही, भिंत काथ्याने घासावी लागते. टायरची कुंडी याच कारणाने माझ्या यादीत नाही. त्याच्या आतल्या वळकटीत पाणी साठतं, कुणाला दिसत नाही आणि हात पोचत नाही. ज्यांना टायर हवाच असेल त्यांनी खालच्या वळकटीला वीतभर अंतराने भोकं पाडावीत.

मोडकं-तोडकं एकत्र करून काही भव्य घडवायचं तर त्याचीही परंपरा आहे. चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी १९५७ पासून नोकरी सांभाळून, सरकारी राखीव जागेत, कुणालाही न सांगता फुटक्या बांगड्या, कपबश्या, वॉशबेसिनचे तुकडे आणि नदीतले गोटे यांची एक बाग उभी केली. ती उघडकीला आली तेव्हा पाडून टाकावी की नाही यावर खल झाला. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि १९८४ मध्ये नेक चंद यांना पद्मश्री मिळाली. बार्सिलोनात वास्तुकार गाउदीच्या पार्क ग्यूएलमधली नागमोडी बाकं फुटक्या फरश्यांनी मढवली गेली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याकडे याला चायना मोझॅक म्हणतात आणि ते कलादालनात नाही, सोसायट्यांच्या गच्च्यांवर असतं. पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे उतार देऊन बसवले की ऊन परतवलं जातं आणि पाणी वाहून जातं. वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा, त्या भंगाराने त्याचा उन्हाळा किती सुसह्य केला ते. स्वयंपाकघराचं नूतनीकरण चाललं असेल तर गवंड्याला सांगून फुटक्या फरशांचं पोतं बाजूला काढून ठेवावं. एखादा सिमेंटचा बाक किंवा नळाखालची मोरी त्यात होते. तुकडे चिकटवण्यासाठी महागडं मिश्रण घेण्यापेक्षा गवंडी असतानाच त्याच्या मालातून हे करून घ्यावं, वेगळी मजुरी पडत नाही.

आणि काही गोष्टी ठेवूच नयेत. सिमेंटचे जुने पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे, कापायला किंवा भोकं पाडायला घेऊ नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात जाऊन राहतात. जळालेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल यांच्यात पारा असतो. त्यांचं झुंबर करणारे व्हिडिओ बघून फक्त हसावं. फ्रिजचा सांगाडा वाफ्याला छान, पण त्याचा काँप्रेसर आणि मागची नळी आधी माहीतगाराकडून काढून घ्यावी. अंबड-लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत हटवला, तो पुन्हा उभा राहिला आणि २०२५ मध्ये पुन्हा हटवला गेला. पण भंगारवाला कुठे जात नाही, गल्लीत त्याची आरोळी रोज येते. त्याला देताना लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं वेगवेगळं करून द्या. एकत्र दिलंत तर तो सगळ्याला सर्वांत हलक्या मालाचा भाव लावतो. क्रोमचा मुलामा दिलेला जुना नळ पांढरा दिसतो म्हणून लोखंडात जातो. कानशीने बुडाशी एक ओरखडा काढून बघा, पिवळा निघाला तर ते पितळ आहे.